पडद्यावरच्या राजकन्येने दार फोडलं

सिस्टर, तुमच्या गोष्टीतली राजकन्या बुरुजात बसून राजपुत्राची वाट बघायची. तिसरीत मी विचारलं, "तिला पायऱ्या उतरता येत नव्हत्या का?" तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलंत. आगाऊ मुलींशी कुणी लग्न करत नाही, असंही वर ऐकवलंत. मी नोकरीतून निवृत्त होऊन अंबाजोगाईत स्थिरावले, तरी तो राग गेलेला नाही.

म्हणून नातीने उन्हाळ्याच्या सुट्टीत लावलेला कार्टूनचा सिनेमा बघताना मी चक्क टाळ्या वाजवल्या. त्यात राजपुत्रच लबाड निघतो, राक्षस बिचारा भला असतो आणि राजकन्या कुऱ्हाडीने स्वतः दार फोडून चालू लागते. शेवटी लग्न नाहीच! ऊसतोडीहून परतल्यावर आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंची नववीतली मुलगी शेजारी बसलीय, तोंडावर हात धरून हसतेय. "आज्जी, लई भारी हाय ही! परत लावा की." आम्ही परत लावला. मला वाटलं, संपल्या एकदाच्या तुमच्या गोष्टी.

दिवाळीआधी त्या मुलीची आई तिच्या लग्नाचं सांगायला आली. मुलगा ऊसतोडीला जाणारा. एकट्याला मुकादम घेत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी इथली रीत. टोळी निघायच्या आत त्याला बायको हवी. तुमचा राजपुत्र निदान प्रेमाचं नाव तरी घ्यायचा. मी भडकले. "वय काय तिचं? पोलिसांत जाईन मी!"

"जावा की," ती म्हणाली. "पन आमी दोघं उन्हाळ्यापातूर फडात. पोरीला घरी एकटी कुनाच्या भरवशावर ठिवू? तुमी ठिवून घेता का?"

मुलगी उंबऱ्यात उभी होती. आईकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

सिनेमावाल्यांनी राजपुत्र बदलला, राक्षस बदलला. पण दार फोडून निघालेली राजकन्या त्या रात्री झोपते कुठे, हे त्यांनीही दाखवलं नाही.

काल टोळी गेली. ती नवऱ्यासोबत गेली. पोलिसांत मी गेले नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझ्या घरात एक खोली रिकामी आहे. तिच्या आईने विचारलं त्या दिवशी "फोन वाजतोय" म्हणत मी आत गेले. फोन वाजत नव्हता.