आखणीच्या पुढची खोली

मी, वत्सलाबाई, चंदर बिरारी शिंपी यांची विधवा, वय अदमासे अठ्ठावन्न, राहणार नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र सांगून लिहून ठेवते. दम्याने छाती भरते, पण डोके ठिकाणावर आहे. मालकांचे नाव जन्मभर तोंडाने घेतले नाही. कायद्याला लागते म्हणून येथे घेतले.

कलम १. राहते घर माझ्या वडिलांनी मला आंदण दिले. ते माझे स्त्रीधन आहे, त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी माझी एकुलती मुलगी भागीबाई, राहणार मनमाड, हिला देते. घर म्हणजे मागची खोली, मोरी, माळा आणि पुढची उघडी जागा. ती जागा उघडी कशी पडली, हे वाचल्याशिवाय भागीने ताबा घेऊ नये.

सन १९३१ साली रस्ता रुंद करायचे ठरले. ओव्हरसियर मोजणीची साखळी घेऊन आले आणि आमच्या बाजूच्या भिंतीवर गेरूचा पट्टा ओढून गेले. पट्ट्याच्या पुढे आमची सबंध पुढची खोली, म्हणजे दुकान. माणूस भला होता. म्हणाला, "बाई, आहे ते आज कोणी पाडत नाही. पण पट्ट्यापुढचं पडलं, किंवा तुम्हीच पाडलंत, तर परत उभारता यायचं नाही. मोठी दुरुस्तीही करायची नाही." त्या दिवसापासून ती खोली, औषध बंद केलेल्या दुखणाईतासारखी, नुसती उभी राहिली.

पुढे दर्शनी भिंतीला पोट आले. मी मालकांना म्हणाले, "उतरवून टाकू. मागं बसून शिवा." ते म्हणाले, "दुकान मागं गेलं की गिऱ्हाईक गेलं. आणि एकदा उतरवली की जागाही गेलीच." त्यांनी भेगांत चुना भरला, बाहेरून लाकडी टेकू दिले. टेकू रस्त्यात आले. शेजारी राहणारे माझे चुलत दीर गोटीराम यांची बैलगाडी वळेना. त्यांनी कचेरीत अर्ज केला आणि टेकू निघाले. अर्जात एक अक्षर खोटे नव्हते. म्हणूनच माझ्याकडून क्षमा होत नाही.

सन १९३४ च्या श्रावणात, भरदुपारी, भिंत रस्त्याकडे सुटली आणि छप्पर आत कोसळले. ते मशीनवर होते. मी मागे भाकरी थापत होते. आधी मशीनचा आवाज थांबला, मग भिंतीचा आला. म्हणजे त्यांना कळले होते. त्या मधल्या वेळात त्यांनी मला हाक का मारली नाही, हे मी त्यांना अजून विचारते.

ढिगारा उचलल्यावर नियमाप्रमाणे ती जागा रस्त्यात गेली. बाकीच्यांची घरे उभीच राहिली, त्यामुळे सगळ्या रांगेत खाच पडली ती आमच्याच दाराशी. त्या खाचेत संध्याकाळी मशीन चालते. भागी म्हणते, टांग्याची चाके असतील. टांगा पुढे निघून जातो. हे जात नाही. एकदा सिन्नरकडचे एक जुने गिऱ्हाईक तिथे उभे राहून म्हणाले, "शिंपीदादा आत हायेत ना? आवाज येतोय." मी त्यांना पाणी दिले.

गेल्या वर्षी आखणीच रद्द झाली. रस्ता आता पलीकडच्या आळीतून जाणार. जागा परत मिळाली, बांधायची मोकळीक आली. मी एक वीट आणली नाही.

कलम २. भागीने मात्र खोली बांधावी. पोरे किती दिवस मनमाडच्या धुरात एकमेकांच्या अंगावर निजतील? नव्या नियमाने खिडकी मोठी ठेवावी लागेल, ती ठेवावी. संध्याकाळी आवाज आला तर भिऊ नये, आणि शांत करायला कोणा देवऋषीला आणू नये. ते कामात आहेत.

कलम ३. ढिगाऱ्यातून निघालेली, माळ्यावर पडून असलेली शिलाईची मशीन गल्लीतल्या जुलेखा हिला द्यावी. ढिगारा उपसताना तिच्या बोटांची नखे गेली होती.

कलम ४. गोटीराम यांनी माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. माझ्या सरणाचे लाकूडही त्यांच्या गाडीतून नेऊ नये.

पुरवणी. साक्षीला बोलावलेले देवराम तापामुळे आले नाहीत. लिहिणारे हबीबमियाँ म्हणाले, "दुसरा साक्षीदार पाहिजेच, आणि ज्याला यातून काही मिळत नाही असाच पाहिजे." गोटीराम आपल्या ओट्यावर बसले होते. मी म्हणाले, "त्यांना बोलवा. त्यांना काही दिलेलं नाही."

साक्षीदाराला मजकूर ऐकवण्याची सक्ती नाही, असे हबीबमियाँ म्हणाले. मी ऐकवायला लावला. चौथ्या कलमाशी ते थांबले. गोटीराम म्हणाले, "वाचा."

ऐकून ते खाचेकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी, मलाही ऐकू येतं. रोज."

कलम ठेवायचे की खोडायचे, असे हबीबमियाँनी मला विचारले. मी म्हणाले, "खांद्याचं राहू द्या. गाडीचं खोडा."

कलम ४ मधील दुसरी ओळ माझ्या सांगण्यावरून खोडली आहे. बाकी सर्व मजकूर वाचून घेतला, तो मला कबूल आहे.

मुक्काम नाशिक, सोमवार, ता. १४ नोव्हेंबर १९३८, कार्तिक वद्य पक्ष, शके १८६०.

वत्सलाबाई चंदर बिरारी, डाव्या हाताचा अंगठा

साक्ष: भिमाजी कासार, सही
साक्ष: गोटीराम बिरारी, सही
लिहिणार: हबीब शौकत, अर्जनवीस