बंद केलेली चाचणी

लोहारा, मंगळवार, संध्याकाळ

पावसाचे आकडे आपोआप तपासणारी चाचणी मीच बंद केली होती. गणपतीच्या आधी. आमचं ॲप शेतकऱ्यांना फवारणी कधी करावी ते कळवतं. त्यासाठी पावसाच्या अंदाजाचे आकडे बाहेरच्या एका कंपनीकडून येतात. ती न कळवता आकड्यांची मांडणी बदलते आणि दर वेळी ही चाचणी लाल होते, म्हणजे नापास. कंटाळून बंद केली. सवडीनं बघू म्हणून. सवड कधी मिळणार होती?

काल त्यांनी मिलिमीटरचे सेंटिमीटर केले. तीस मिलिमीटरचा पाऊस आमच्या ॲपला तीनच मिलिमीटर दिसला. चालू असलेल्या सगळ्या चाचण्या हिरव्या.

आज जळकोटहून मामांचा फोन. “तुझ्या ॲपनं सांगितलं म्हणून द्राक्षं फवारली. तासाभरात सगळं औषध धुऊन गेलं. पानांवर डावणीची बुरशी आधीच दिसत होती. आता बाग हाती लागती का न्हाय, काय सांगावं.”

ऐकता ऐकता मी ती चाचणी चालू केली. लगेच लाल झाली. चालू करणं एका ओळीचं काम. मीच बंद केलेली.

“ॲपला पावसाचा आकडा चुकीचा दिसला,” मी म्हणाले. मामा म्हणाले, “म्हंजे मशीनच चुकलं म्हणायचं, व्हय?”

“व्हय, मामा,” मी म्हणाले.