कातडी वाचवणारे कडे

५ जून, सकाळी ७
दिवंगत सहधर्मचारिणीस,
तुझ्या गळ्याच्या शस्त्रक्रियेत तापलेले उपकरण कडेच्या कातडीला लागले आणि त्या डागापायी तू अकरा वर्षे उंच कॉलर सोडली नाहीस, हे मी विसरलेलो नाही. तुला जाऊन चार महिने झाले. आता माझ्याही गळ्यात गाठ निघाली आहे. सर्जन म्हणतात, याच महिन्यात काढू. मी कळवले : आधी कातडीचा बंदोबस्त, मग शस्त्रक्रिया. याला भीती म्हणत नाहीत.

९ जून
कॉलेजने माझी जुनी प्रयोगशाळा वापरू दिली. बत्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. इतका मान असतोच. बेत : छेदाच्या कडांवर बसणारे सिलिकॉनचे कडे. चाचणीसाठी बटाटे व सोल्डरिंग आयर्न. तीन दिवस पुरेत.

१७ जून
बटाटा क्र. ७ कडेला करपला. दोष बटाट्याचा. शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

२ जुलै
मुलगी म्हणाली, बाबा, लोक गाठ काढून मोकळे होतात, तुम्ही बटाटे काय भाजत बसलाय? आणि आईला म्हणे डागाचे काहीच नव्हते, तिला थंडी वाजायची. मुलींना आईविषयी सगळेच ठाऊक नसते.
सर्जनांचा फोन. सर, कातडी भाजू नये म्हणून ओले गॉज, प्लास्टिकचे कडे आम्ही रोजच लावतो, तुम्ही फक्त या. तरुण आहेत. एकही बटाटा हाताळलेला नाही. तारीख पुन्हा पुढे.

२६ जुलै
आवाज बसला. बटाट्यांचा धूर. यापुढे खिडकी उघडावी.

११ ऑगस्ट
वरचे बटण लागेना. कॉलर आटवल्याबद्दल लाँड्रीवाल्यास खडसावले. तो म्हणाला, साहेब, बाकीचा शर्ट कसा नाही आटला?

२७ ऑगस्ट, दुपारी
कडे सिद्ध! बटाटा क्र. ४१ निष्कलंक. पाणी पिताना ठसका लागला. आनंदाचा भर.

३० ऑगस्ट, सायंकाळी ५
सर्जनांनी कडे उलटसुलट पाहिले, छान केलंय म्हणाले आणि परत दिले. मग गाठीवरची कातडी चिमटीत धरू लागले. ती सरकेना. गाठ कातडीत शिरली आहे; तेवढी कातडीही कापून टाकावी लागेल, मांडीची आणून लावू, म्हणाले. सर, जूनमध्ये आला असतात तर... इतकेच बोलून थांबले.
उद्या दाखल व्हायचे आहे.
प्रयोगशाळेतले टेबल पुसले. दाराला कुलूप लावले. किल्ल्या कार्यालयात परत केल्या.