झोपताना एक गोळी

डोंबिवली, ६ सप्टेंबर १९९६

सुनंदेचा जुना त्रास पुन्हा उद्भवला. यंदाची तिसरी खेप. सून सासूस सांगते, सौ. मला सांगते, मी डॉक्टरांना सांगतो. प्रत्येक टप्प्यावर तक्रार अधिक सोज्ज्वळ होत जाते. माझ्यापर्यंत ‘उष्णता’ एवढीच पोहोचते. सौ.ने सब्जा भिजत घातला आहे. तुरटीच्या पाण्याने धुण्यासही सांगितले आहे.

१० सप्टेंबर

तुरटीने आग वाढली. सुनंदेला धड बसवत नाही. चौकातल्या डॉक्टरांकडे मी एकटाच गेलो.

“मास्तर, उष्णता म्हणजे नेमकं काय? खाज आहे? दह्यासारखं पांढरं जातं?”

मी मान हलविली. रुग्णास न पाहताच त्यांनी सहा गोळ्या लिहून दिल्या. त्या शरीरात कोठे ठेवावयाच्या, तेही स्वच्छ शब्दांत सांगितले. औषधांच्या दुकानात शेजारचे गृहस्थ भेटले. पुडी घाईने खिशात घातली. घरी सौ.स म्हणालो, “झोपताना एक.” पुढील शब्द उच्चारवेना.

१८ सप्टेंबर

गोळ्या संपल्या. गुण नाही, वर मळमळ.

सौ.चा त्रागा: “हिचा विटाळ काही सरत नाही हो! दिवाळीनंतर वर्षश्राद्ध आलं. स्वयंपाक कोण करणार?”

ज्याचे श्राद्ध, त्याच्याच पत्नीस चूल वर्ज्य. आमचा मुलगा श्रीधर क्षयाने गेला, असे घरात ठाऊक आहे. क्षय होताच. त्याच्या मुळाशी एच.आय.व्ही. होता, हे इस्पितळात मला एकट्याला बाजूस घेऊन सांगितले गेले. सौ.ला ठाऊक नाही. सुनंदेलाही नाही. आणि आता हे दुखणे परत परत…

२४ सप्टेंबर

सुनंदेच्या माहेरच्या ओळखीने शहाडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी बाहेर बाकावर. पडद्याआडचे सारे ऐकू येत होते.

“गिळल्यास? सगळ्या? अगं, त्या खालून आत ठेवायच्या होत्या!”

“सासूबाई म्हणाल्या, झोपताना एक.”

दोघीही हसल्या. श्रीधर गेल्यापासून सुनंदेचे हसणे आज प्रथम ऐकले. माझे कान तापले.

मग बाई म्हणाल्या, “बुरशी आहे ही. कुणाही बाईला होते, विटाळबिटाळ काही नाही. तुरटी आधी बंद कर. पण सारखी का होते ते बघायला हवं. साखर नाही ना तुला? मिस्टर कशाने गेले?”

“टीबीने.”

आत पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

निघताना छत्री मुद्दाम बाकावर ठेवली. ती आणावयाच्या निमित्ताने परत गेलो आणि श्रीधरचे खरे दुखणे बाईंना सांगितले.

“रक्त तपासावं लागेल. पण तिला कळल्याशिवाय मी सुई लावणार नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन. आणि आजोबा, या वेळी मधलं काही गाळू नका.”

२९ सप्टेंबर

नव्या गोळ्या योग्य रीतीने चालू. खाज पुष्कळ कमी. सौ.ला मी स्वतः समजाविले: आजार कोणता, गोळी कोठे.

“इश्श! या वयात काय हे बोलणं!”

तुरटीचा खडा मात्र तिनेच मोरीतून उचलून फेकून दिला.

“मग श्राद्धाचं ती करेल ना?”

“करील. तिचा तो अधिकार आहे.”

एवढे सांगून झाले. उरलेले सांगावयास रोज बसतो आणि वर्तमानपत्र उघडतो.

१ ऑक्टोबर

उद्या शहाडला रक्त द्यावयाचे आहे. सायंकाळी सुनंदा चहा घेऊन आली, ती उभीच राहिली.

“नाना, बुरशीसाठी रक्त कशाला हो तपासतात?”

“सांगतो. बस.”

बसली. पदराला हात पुसत राहिली. देवळात निघालेल्या सौ.ने दारातून हाक दिली, “सुनंदे, दुधाकडे बघ गं!” सुनंदा उठली नाही.

मी म्हणालो, “श्रीधरला…”

तिने हात वर केला. “उद्या रिक्षात सांगा, नाना. आजची शेवटची गोळी आहे. एक रात्र नीट झोपू दे मला.”

दूध उतू गेले. ती आत जाऊन निजली. ओटा मीच पुसला.