परक्यांसाठी लिहिलेली ओळ

मी, संजीवनी शिरीष वर्तक, वय एकोणसाठ, राहणार क्वीन्सटाउन, सिंगापूर, पूर्वी नोकरी, हल्ली आजारपण, हे माझे शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. वकिलांच्या मसुद्यात 'स्वखुशीने व आनंदाने' असे होते. स्वखुशीने राहू दिले, आनंदाने हा शब्द मी खोडायला लावला. मुलगी लहान असताना केलेले जुने मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात सगळे नवऱ्याच्या नावे करून मी मोकळी झाले होते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी भार्गवी हिने करावी. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तिने सावकाश वाचावे, पण स्वतः वाचावे, बापाकडून वाचून घेऊ नये. त्याचा आवाज चांगला आहे आणि त्याच्या तोंडून कुठलीही गोष्ट गोड लागते.

एक. सीपीएफमधली, म्हणजे इथल्या भविष्यनिर्वाह निधीतली, रक्कम मृत्युपत्राने देता येत नाही, तिचे नामनिर्देशन भार्गवीच्या नावे वेगळे केले आहे. आईची मोहनमाळ, माझ्या पाटल्या आणि ज्या कुड्या मी कधी घातल्याच नाहीत त्या, सगळे तिचे. मोडून नव्या तऱ्हेचे काही केले तरी माझी हरकत नाही. आईची असती, पण ती आता विचारायला येणार नाही.

दोन. माझी हत्यारे. आधी पुण्याच्या एका वाहन कारखान्यात आणि इथे आल्यावर बसगाड्यांच्या एका डेपोत, मी जन्मभर ब्रेक तपासले. टॉर्क पाना, डायल गेज, ड्रमचा व्यास मोजायचे कॅलिपर आणि फीलर गेजचा जुना संच डेपोच्या वर्कशॉपमध्ये ज्या मुली आता काम शिकत आहेत त्यांना द्यावा. पान्याने कोणी खिळे ठोकू नयेत. ब्रेक हा भाग कुणाच्या ध्यानात राहत नाही, कारण तो लागला तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याची जाहिरात कोणी करत नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी माझे काम विचारले आणि म्हणाल्या, म्हणजे तुमच्या घरात एक जाहिरातीत गाड्या पळवतो आणि एक थांबवते. सगळे हसले. मीही हसले, कारण तेव्हा ते खरेच गमतीचे वाटले होते.

तीन. दिवाणखान्यातले काचेचे कपाट शेजारच्या मॅडम गोह यांना द्यावे. म्हणूनच त्यांना या कागदावर साक्षीदार केलेले नाही. कपाटात शिरीषला मिळालेले जाहिरातीचे बक्षीस ठेवलेले आहे. ते माझे नव्हे, त्यामुळे मला कुणाला देता येत नाही. कपाट मात्र माझ्या पगारातून आले आहे. मॅडम गोह यांनी त्यात आपले चहाचे पेले मांडावेत. बक्षिसाची सोय ज्याची त्याने पाहावी.

ते बक्षीस कशाचे, हे घरात सर्वांना माहीत आहे, पण कागदावर कुठेच आलेले नाही, म्हणून लिहिते. शिरीष तेव्हा पाया लेबारच्या एका जाहिरात कंपनीत होता. २०११ साली त्याने एका पिकअप गाडीची जाहिरात केली. गाडीचे नाव मी घालत नाही, माझ्या मृत्युपत्रात तिची फुकट जाहिरात नको. जाहिरातीत घाट आहे. दगडांनी भरलेला दहाचाकी ट्रक चढावर बंद पडला आहे. ही पिकअप येते, पुढे उभी राहते, दोर बांधते आणि तो ट्रक ओढत माथ्यावर नेते. मागच्या सीटवर एक बाळ झोपलेले आहे, ते कूससुद्धा बदलत नाही. मंडळात ही जाहिरात पडद्यावर दाखवली आणि शिरीषला शाल-श्रीफळ दिले. नारळाची मी बर्फी केली.

आता खरे काय झाले ते. सिंगापुरात घाट नाही. बुकित तिमाह ही इथली सर्वांत उंच टेकडी, तीही नऊवारी नेसून, हातात डबा घेऊन चढता येते. म्हणून मलेशियातली एक बंद खाण भाड्याने घेतली. तिथे चढ बेताचाच होता, तो कॅमेरा तिरका धरून वाढवला. दगड थर्माकोलचे केले. ट्रकमधून इंजिन आणि गिअरबॉक्स काढून घेतला. एवढे करूनही पिकअपची चाके जागच्या जागी फिरू लागली, तेव्हा पुढून क्रेनची तार लावून दोन्ही गाड्या वर खेचल्या आणि ती तार नंतर कॉम्प्युटरवर पुसली. बाळाला वेगळ्या दिवशी, स्टुडिओत, एसी लावून झोपवले. हे सगळे मला शिरीषनेच जेवताना हसत हसत सांगितले. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की चित्रणात प्रशिक्षित चालक आहेत, कोणी अनुकरण करू नये. वाचायला घेईपर्यंत ती जात असे.

मी त्याला तेव्हाच म्हटले होते, की ओढणे हा सोपा भाग झाला. चढावर ओझे हलवायच्या आधी ते धरून कोण ठेवणार हे ठरवावे लागते. तो म्हणाला, लोक काय खुळे आहेत का, जाहिरात ही जाहिरात म्हणूनच बघतात. भार्गवीही परवा इथल्या बोलीत तेच म्हणाली, "आई, इट्स ॲन ॲड. एव्हरीबडी नोज, लाह." बरोबर आहे बाळा. सगळ्यांना कळते. परक्या माणसांपैकी एकानेही त्या गाडीमागे ट्रक बांधला नसेल. बांधला तो आपल्या माणसाने, कारण जाहिरात घरच्या जावयाने केली होती आणि जावई घरच्यांशी कशाला खोटे बोलेल?

चार. माझा धाकटा भाऊ उल्हास रामचंद्र पोतनीस, राहणार पाटण, जिल्हा सातारा. त्याची रोपवाटिका होती. आंब्या-काजूची कलमे घेऊन तो कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जात असे. गाडी घ्यायचे ठरले तेव्हा त्याने आम्हाला फोन केला. फोन स्पीकरवर होता आणि मी समोर भाजी निवडत बसले होते.

उल्हासने विचारले, "दाजी, खरंच ओढते का हो?"

शिरीष म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत ट्रक ओढलाय. घे बिनधास्त."

मी मध्येच बोलले, की ते खोटे आहे, दगड थर्माकोलचे होते. दोघेही हसले. उल्हास म्हणाला, ताईला ब्रेकशिवाय दुसरे काही दिसतच नाही. मग मी त्याला खालची बारीक ओळ वाचायला सांगितली. ती त्याने वाचलेली होती.

"ती परक्यांसाठी असते गं, ताई," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी घाट चढून परतताना त्याला वळणावर विटांचा ट्रक बंद पडलेला दिसला. ट्रकच्या ड्रायव्हरने मदत मागितली नव्हती. उल्हासनेच गाडी थांबवली आणि आमच्या दाजींनी याच गाडीने असा ट्रक वर नेलाय, असे त्याला सांगितले. दोर बांधला. ड्रायव्हरने हँडब्रेक सोडला. ट्रक हात-दोन हात वर सरकलासुद्धा, आणि तेवढ्याने उल्हासला हुरूप आला. मग पिकअपची चाके घसरली. इंजिन बंद असलेल्या ट्रकमध्ये हवेचा दाब टिकत नाही, आणि दाब नसला की पायाखालचा ब्रेक नुसता दाबायचा, लागत नाही. ट्रक मागे निघाला, पिकअपला फरपटत घेऊन गेला आणि त्याने ती कठड्यावर उलटवून टाकली. ड्रायव्हर उडी मारून वाचला. उल्हासही वाचला, पण कमरेखालचे अंग गेले ते गेलेच. रोपवाटिका दुसऱ्याला चालवायला दिली.

शिरीषने इथून व्हीलचेअर पाठवली. दिवाळीला पैसे जातात, कपडे जातात. मी काही म्हटले की तो मला ती खालची ओळ ऐकवतो. एरवी ती ओळ वाचायला चष्मा लागतो म्हणून तोच तिची थट्टा करायचा.

पण माझे दुखणे अपघाताचे नाही. अपघात कुणालाही होतो. उल्हास खाटेवर पडल्या पडल्या इतकी वर्षे एकच शोधतो आहे, की आपले चुकले कुठे. त्याने उत्तरही ठरवून टाकले आहे. पहिला गिअर टाकायचा होता, घाईत दुसरा पडला. प्रत्येक फोनवर तेच. "दाजींच्या माणसाला जमलं ते मला जमलं नाही, ताई. माझाच हात कच्चा." मी त्याला तार सांगितली, क्रेन सांगितली, दगड सांगितले, घसा कोरडा होईपर्यंत सांगितले. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, तू दाजींवर चिडून बोलतेस, संसारात असे व्हायचेच. आमच्या माहेरी जावयाला खोटे पाडायची रीत नाही. हे उल्हासला पटेल तर फक्त जावयाच्या तोंडून. शिरीषला ते माहीत आहे. त्याला एका वाक्याचे काम आहे आणि ते त्याच्याने होत नाही, कारण ज्या घरात त्याला अजून मानाने पाट मांडतात, असे हे एकच घर उरले आहे.

पाच. राहते घर. त्यावर आम्हां दोघांचे नाव एकत्र होते. तसेच राहिले असते तर माझ्यामागे माझा हिस्सा आपोआप शिरीषचा झाला असता. म्हणून मी हिस्से वेगळे करून घेतले. कचेरीतल्या मुलीने विचारले, डिव्होर्स आहे का? मी म्हटले, नाही, नुसती व्यवस्था आहे. शिरीष शेजारीच बसला होता. त्याने सही केली आणि जाताना माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आला. तो माझी शुश्रूषा मनापासून करतो, हेही इथे लिहिणे भाग आहे, नाहीतर हा कागद एकांगी होईल. पेज करतो, गाळून देतो, निवेपर्यंत जवळ बसतो. मला त्याचा राग येतो आणि त्याच्या हातची पेज गोड लागते. दोन्ही एकाच दिवशी.

आमचे वकील चारुदत्त कर्णिक यांनी केलेल्या मसुद्यात मी एक अट घातली होती. शिरीषने पाटणला जावे, उल्हाससमोर बसावे आणि जाहिरात कशी केली ते त्याला सांगावे. सांगितले तर त्याने हयातभर याच घरात राहावे. नाही सांगितले तर घर विकावे. ही अट मी शिरीषला वाचून दाखवली. तो चिडेल, उठून जाईल अशी माझी तयारी होती. तो अजिबात चिडला नाही.

"जातो की," तो म्हणाला. "फक्त काय बोलायचं ते नीट लिहून दे. मी दोन-चारदा म्हणून बसवतो. भार्गवीला बरोबर नेतो, ती मोबाईलवर शूट करेल, म्हणजे वकिलांना पुरावा राहील."

थट्टा नव्हती. अगदी मनापासून बोलत होता. मला रडू आले. ते पोटदुखीचे आहे असे समजून त्याने गोळी आणि पाणी आणून दिले.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांना फोन करून अट काढायला लावली. उल्हासने शिरीषचे चांगले बसवलेले बोलणे एकदा ऐकले आहे. घर टिकावे म्हणून पाठ केलेले खरे मला त्याच्या कानावर घालायचे नाही. म्हणून आता साधे लिहिते. माझ्यामागे घर विकावे. अर्धे पैसे शिरीषचे आहेत, त्यात त्याला हौगांगला भार्गवीजवळ लहान फ्लॅट मिळेल. माझे अर्धे उल्हासला द्यावेत, तो इथला नागरिक नसल्याने घर त्याच्या नावावर होणार नाही. शिरीष पाटणला गेला काय आणि न गेला काय, यात फरक पडणार नाही. खरे बोलून त्याला आता काहीही मिळणार नाही. कधी बोललाच, तर ते खरे बोलणे असेल.

सहा. माझे दहन मंडाईच्या स्मशानात करावे. मंत्र थोडक्यात आटपावेत, भाषणे नकोत. दहाव्याचे पिंड ठेवू नयेत, इथे नाही, पाटणला नाही, मंडळातल्या हौशी मंडळींनीही नाही. इथे कावळ्यांना तोटा नाही, हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत ते माणसांच्या आधी जेवतात, तेव्हा पिंडाला शिवायला वेळ लागणार नाही. आणि लागलाच तर काय करतात तेही मी बाबांच्या वेळी पाहिले आहे. एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि गेलेल्याला कबूल करतो, की तुमचे राहिलेले आम्ही पुरे करू. शिरीष हात जोडून फार छान उभा राहील. तो कबूल करेल, भुकेला कावळा शिवेल, आणि लोक डोळे पुसून म्हणतील, संजीवनी सुटली. मी सुटलेली नसेन. माझे काय राहिले आहे ते शिरीषला ठाऊक आहे, त्यासाठी कावळ्याला मध्ये घेऊ नये. उल्हास जिवंत आहे आणि त्याचा फोन चालू आहे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, तो मला कबूल आहे. हात कापतो म्हणून सही बँकेतल्या सहीसारखी आलेली नाही, पण ती माझीच आहे.

(सही) संजीवनी शिरीष वर्तक

संजीवनीबाईंनी आम्हां दोघांच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. या कागदातून आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार
(सही) निशिकांत माधव प्रधान, इंजिनिअर, राहणार क्वीन्सटाउन
(सही) गार्गी सुधीर लिमये, विद्यापीठात संशोधक, राहणार क्वीन्सटाउन

क्वीन्सटाउन, सिंगापूर
९ सप्टेंबर २०१७