तुम्ही पालथी घातलेली नाव

अण्णा, तुमची नाव आम्ही पुन्हा पाण्यात घातली. हे आधीच सांगून टाकते, कारण मागचं-पुढचं सांगत बसले तर नेमकं हेच सांगायचं राहून जाईल.

धरणाचं पाणी चढायला लागलं ते दिवस मला अजून दिसतात. तुम्ही खेपांवर खेपा घालताय. एरवी बाजारकरी आणि वऱ्हाडं ज्या नावेतून नदीपार व्हायची, तिच्यात आता लोकांची दारं, चौकटी, कणग्या, दळायची जाती. पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या धामधुमीत, याच नावेनं तुम्ही घाबरलेली घरंच्या घरं पलीकडच्या मुलखात पोचवली होती. हे आई सांगायची, तुम्ही कधीच नाही. शेवटच्या खेपेला तुम्ही आपल्या घराचा उंबरा आणलात. मग नव्या गावठाणात लिंबाखाली नाव ओढत नेली, पालथी घातली आणि तिच्याकडं पाठ फिरवली. माझा धाकटा भाऊ एकदा जेवताना म्हणाला, "अण्णा, एवढं पाणी आलंय, मासे तरी धरू की." तुम्ही घास ताटात ठेवलात. "माझं गाव हाय त्या पाण्याखाली. त्याच्या डोक्यावरनं नाव चालवू व्हय?" त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. तुम्ही गेलात, नावेखाली कोंबड्या राहायला लागल्या, आणि आम्ही सगळे ती विसरून गेलो.

तुमच्या जावयांना कंपवात झालाय, अण्णा. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायचा, मग हात, आता कधीकधी चालता चालता पाय जमिनीला चिकटतात आणि हे उभ्याचे उभे राहतात. सगळी उमर चिकलठाण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस, त्यांना चहाची बशी सांभाळता येईना. डॉक्टर म्हणाले, हाताला काम देत राहा. म्हणून मीच भावाला निरोप दिला आणि तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाव टाकून आमच्या अंगणात घेऊन आला. शेजारचे चाचा, ह्यांच्याबरोबरच रिटायर झालेले, कंपाउंडवरून बघतच राहिले. "भाभी, नळाला पानी नाही अन् तुम्ही कश्ती आणली?" त्या दिवशी हे कितीतरी दिवसांनी खदखदून हसले. तेवढ्या हसण्यासाठी मी नाव आणली होती. तिनं खरंच पाण्यात जावं असं माझ्या मनातही नव्हतं.

तो हिवाळा आमचा चांगला गेला. सकाळचं ऊन अंगणात आलं की आम्ही दोघं कामाला लागायचो. मी पत्र्याच्या तुकड्यानं जुनं डांबर खरवडायची, हे फळ्या ठोकून ठोकून आवाज ऐकायचे. जिथं बद्द आवाज येई तिथं खडूनं खूण. कुजलेल्या फळ्या सुतारानं बदलून दिल्या, पण सांध्यात काथ्या कोंबायचं काम ह्यांनी कुणाला करू दिलं नाही. हात थरथरायचा, पटाशी घसरायची, बोटं रक्ताळायची. मी धरायला गेले की खेकसायचे, "सोड. माझं मला करू दे." मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत बसायची. वर डांबराचा हात फिरला तेव्हा ह्यांनी विचारलं, "कधी घालायची पाण्यात?" मी तुमचं बोलणं सांगितलं, शब्दन् शब्द. ह्यांनी डांबराचा ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "त्यांचं गाव एकदाच बुडालं. माझं रोज थोडं थोडं बुडतंय. मला नाही म्हणू नकोस." तुम्हीच सांगा, मी काय म्हणायला पाहिजे होतं?

भावानं ट्रॉलीतून नाव परत धरणाच्या काठाला नेली तेव्हाच बजावलं होतं, "दाजी, दोन दिस काठालाच भिजू द्या. लाकूड फुगलं की सांधे आपसूक बसत्यात. कोरडी नाव लई पाणी घेती." ह्यांना थांबवेना. उद्या हात चालेल का, हे त्यांना माहीत नव्हतं. आम्ही दोघंच बसलो. सुरुवातीला बरी चालली. हे वल्हवत होते, चेहरा इतका मोकळा झाला होता की मी तळाशी झिरपणारं पाणी त्यांना दिसू नये म्हणून पदराआड लपवत होते. काठ लांब गेला. आणि मग ह्यांचे हात थांबले. वल्हं धरलेलं, डोळे समोर, आणि हात जागचे हलेनात. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. काठावरून भाऊ ओरडत होता, "ताई, तू घे! तू घे वल्हं!" मी ह्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्यांना सगळं कळत होतं, अण्णा. ते माझ्याकडं बघत होते. मी त्यांना मागं सरकवलं आणि वल्हवायला लागले. नाव आधी गोल फिरली, मग सरळ झाली. काठाला लागलो तेव्हा भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. नाव त्यानं तिथंच काठाला भिजत बांधून ठेवली.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "बोटं सोडवायची काय गरज होती? आलं असतं मला परत." त्यानंतर बोलणं बंद. जेवण वाढलं की जेवायचे, गोळी दिली की घ्यायचे. मला वाटलं, तुमचं ऐकलं नाही त्याची ही शिक्षा. आपल्याच बुडालेल्या गावावर हौस करायला गेलो आणि स्वतःचं घर घालवून बसलो. काल संध्याकाळी मी दाण्याचं कूट करत होते, तर हे दारात येऊन उभे राहिले. चौकट धरून म्हणाले, "लाकूड फुगलं असेल आता. रविवारी जाऊ. तू वल्हव, मी पाणी उपसतो." एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं, ते मी बघत होते. मी लगेच व्हय म्हणाले.

हे लिहिलेलं घरात ठेवता येणार नाही, ह्यांच्या हाती लागेल. सकाळी बंब पेटवताना घालीन त्यात. पण तुम्हाला म्हणून सांगते. त्या दिवशी हे माझ्यासमोर थिजून बसले होते, पाणी चढत होतं, आणि वल्हं माझ्या हातात आल्यावर नाव जेव्हा सरळ निघाली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, अण्णा. काठ जरा लांब असता तरी चाललं असतं.