उंबराच्या पाण्याला लावलेलं मशीन

पपा, शेजारच्या काकांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाला बँड नको असं का ठरवलं, हे तुम्ही असेपर्यंत तुम्हाला कळलं नाही. मला माहीत होतं. तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. माझे केस तुमच्यापेक्षा जास्त पांढरे झालेत, आणि एवढ्या उशिरा हे लिहायला बसण्यात काही शहाणपण नाही हे मलाही कळतं. पण नको ते काम पुढे ढकलायची माझी सवय तुम्ही जाणता. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी पुस्तकांना कव्हरं घालत बसायची, तेव्हा तुम्ही दारातून नुसते हसायचात. तसंच आताही करते. आधी मशीनचं सांगते, म्हणजे मुद्द्याशी यायला जरा वेळ मिळेल.

मी पॉलिटेक्निकला होते तेव्हाची गोष्ट. घरात एकाच स्पीकरचा टेपरेकॉर्डर होता, आखातातून आलेल्या मामानं देऊन टाकलेला. वर्गातल्या एका श्रीमंत मुलीच्या घरी मी पहिल्यांदा स्टिरिओ ऐकला आणि माझं डोकं फिरलं. एका बाजूनं व्हायोलिन, दुसऱ्या बाजूनं तबला, आणि गाणारी बाई मधल्या रिकाम्या भिंतीतून! मग सुरू झालं माझं व्रत. कँटीनकडे बघायचं नाही, घरची भाकरी खायची, स्टेशनवरून वाडीपर्यंत एसटी सोडून चालत यायचं, आणि चार पैसे साठले की ग्रँट रोडच्या बाजारातून एकेक भाग आणायचा. एकदा ट्रान्सफॉर्मर, एकदा नुसतेच कंडेन्सर. अॅम्प्लिफायर मी कॉलेजच्या लॅबमध्ये चोरून जोडला. स्पीकरला पेट्या परवडत नव्हत्या, म्हणून आईचे दोन माठ घेतले आणि त्यांच्या तोंडावर स्पीकर पालथे घातले. आवाज बरा घुमायचा. आई मात्र चिडली होती. "दोनी माठ गाण्याला दिले, आता पानी काय टेपातून पियाचं?" ती म्हणाली, आणि तुम्ही तिला सांगितलंत, "पी की. गोड लागंल."

तुम्ही दिवसा केळीची वाडी बघायचात आणि लग्नाच्या हंगामात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचात. आमच्या गावात तुमच्याशिवाय लग्न लागलं असं मला आठवत नाही. त्या वर्षी हंगाम संपला आणि तुम्ही म्हणालात, चल, तुझ्या बाजारात मलाही ने. दुकानात तुम्ही मागे हात बांधून उभे राहिलात. दुकानदार तुमच्याशी बोलायला लागला, तेव्हा त्याला म्हणालात, "मना काय विचारता? पोरीला विचारा." दोन मोठे स्पीकर आपण छत्रीच्या दांड्याला अडकवून घरी आणले. तुमच्या फुंकरीच्या पैशांचे. मग तुम्ही वालीवच्या एका कारखान्यातून देवदारी खोकी मागून आणलीत, आतल्या खिळ्यांसकट, आणि चार रविवार चर्चमधून, मिस्सावरून आलं की आपण दोघं करवत घेऊन पडवीत बसायचो. मी मापं सांगायची, तुम्ही कापायचात. तुम्ही माझ्या हाताखाली काम करताय याचा मला कोण अभिमान! आता आठवलं की त्या मुलीला एक टपली मारावीशी वाटते.

पेट्या तयार झाल्या त्या दुपारी मी कॅसेट लावली. गाणं स्वच्छ येत होतं, सगळे खूश. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. दोन मिनिटांनी म्हणालात, "ढोलवाला जेवायला गेला का गो?" मी म्हटलं, म्हणजे काय? "नाय, बाकी सगळी हायत. ढोल पातळ झालाय. ही दोघं एकमेकांशी भांडतात." मला राग आला. मी शिकलेली, आणि तुम्ही मला आवाज शिकवणार! तरी उठले, वायरी तपासल्या, आणि एका पेटीच्या दोन तारा उलट्या जोडलेल्या निघाल्या. एका स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा. तारा बदलल्या तसा ढोल खोलीभर आला. माझ्या सरांनासुद्धा हे कानानं कळलं नसतं, पपा. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. "असंच काहीतरी होतं," एवढंच मी पुटपुटले.

गावात माझ्या स्टिरिओची, लोकांच्या भाषेत मशीनची, कीर्ती झाली. नाताळला, बारशाला पोरं बोलवायला यायची. मला गर्व चढला, आणि तो कसा चढतो ते ज्याला चढतो त्याला दिसत नाही. पुढच्या हंगामात शेजारच्या काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. काका म्हणजे तुमचे लहानपणापासूनचे सोबती, एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. लग्नाच्या आठवडाभर आधी ते दोन घरांमधल्या कुंपणाशी, वईपाशी, माझ्याशी बोलले आणि त्याच संध्याकाळी बँडच्या मास्तरांकडे निरोप गेला, की यंदा नको, मशीन लावतोय. मास्तरांकडून ते तुम्हाला कळलं. तुम्ही घरी आलात, हातपाय धुतले, जेवलात. मग मला विचारलंत, त्यांच्या मांडवात प्लग कुठे आहे ते बघितलंस का? लग्नाच्या आदल्या दुपारी एक पेटी तुम्ही स्वतः खांद्यावर घेऊन त्यांच्याकडे पोचवलीत, आणि मांडवात न थांबता परत आलात.

आणि मी काय विसरले? मी, या गावात जन्मलेली! लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणायचं असतं हे मी विसरले. म्हणजे ते असतं हे ठाऊक होतं, पण ते चालत आणायचं असतं हे डोक्यात आलं नाही. नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला बायका कळशा घेऊन वाजतगाजत विहिरीवर जातात, वाजतगाजत परत येतात. विहीर वाडीच्या पार टोकाला. मी मांडवात टेबलाशी बसलेय, कॅसेट जोरात चालू आहे. लाल लुगड्यातल्या बायका रांगेनं निघतात. केळीच्या दुसऱ्या ओळीपाशी त्यांची पावलं मंदावतात, मग थांबतात. सगळ्या मागे वळून माझ्याकडे बघतात. मी आवाज वाढवते, तो फाटतो. दोन पोरं एक पेटी उचलून पुढे धावतात, आणि फाटकाशी वायर संपते. कुणीतरी हसतं. नवरीची आजी, काकांची आई, मात्र हसत नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "मुक्यानं पानी मयताच्या घरात आनतात. आमी हितशी हलनार नाय." मला वाटलं, जमीन दुभंगावी.

तुम्ही आपल्या पडवीत बनियनवर बसला होतात. आजीनं वईवरून हाक मारली, "काय रं, आयकू नाय येत काय तुला? ये की!" तुम्ही आत गेलात. मला वाटलं, आता येणार नाहीत, आणि नाही आलात तर ते बरोबरच. पण तुम्ही आलात. अंगात सदरा, पाय अनवाणी, बँडचा कोट नाही, मागे ढोल नाही, ट्रम्पेट नाही. एकटंच क्लॅरिनेट. तुम्ही रांगेच्या पुढे उभे राहिलात आणि फुंकलंत, आणि त्या सगळ्या बाया एकदम पावलं टाकायला लागल्या. मी मशीन बंद केलं आणि मागोमाग निघाले. विहिरीवर मेणबत्ती लावून प्रार्थना झाली, कळशा भरल्या. तेवढ्या वेळात तुम्ही एका नारळाला टेकून उभे होतात आणि तुमची छाती जोरजोरात वरखाली होत होती. परतताना तुम्ही एकदाही थांबला नाहीत. मांडवाशी आल्यावर क्लॅरिनेट खाली केलंत आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, "हितवर मी आनलं. आता तुझं लाव." त्या दिवशी तुम्ही मला ओरडला असतात तर बरं झालं असतं.

जेवायला तुम्ही बसला नाहीत. पोटात जागा नाही म्हणालात. पुढे सगळे शहाणे झाले, मांडवात मशीन आणि पाण्याला बँड असं ठरून गेलं. पण काकांच्या आणि तुमच्या मधे काहीतरी बसलं ते बसलंच. दोघं भेटायचात, हवापाण्याचं बोलायचात, आणि आपापल्या घरी जायचात. पूर्वी संध्याकाळी वईपाशी तासभर उभे राहायचात, ते संपलं. तुम्ही आईला एकदाच म्हणालात, "गरज लागली तवा बोलवलं." तुमच्या मयतीला काका सगळ्यात मागे उभे होते.

आता मुद्दा. वईपाशी काकांनी मला विचारलं होतं, तुझं मशीन लावलं तर चालेल काय? पोरगी हट्ट करते. पण तुझ्या पपाला वाईट वाटेल, बँड तर हवाच. आणि मी म्हणाले, "पपाच म्हणतात, यंदा नको म्हणून. त्यांना आता दम लागतो." तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. मला मांडवात माझं मशीन एकटं हवं होतं, शेजारी बँड नको होता, एवढंच. म्हणजे तुम्हाला वाटलं त्यांनी नाकारलं, आणि त्यांना वाटलं तुम्ही. तुमच्या दोघांच्या तारा मी उलट्या जोडल्या आणि मग कधी तपासायला गेले नाही. सुरुवातीला लाज वाटली, नंतर उशीर झाला, नंतर तुम्ही गेलात.

काका अजून आहेत. गेल्या रविवारी एका लग्नात त्यांच्या शेजारची खुर्ची मला मिळाली. पाण्याला बँड निघाला तसा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तुझ्या बापानं माझं नाय आयकलं गो, माझ्या आयचं आयकलं. माझ्या पोरीच्या लग्नाला मना नाय बोलला. का बोलला असंल?" एवढी वर्षं हा माणूस तेच धरून बसला होता. सांगायला याहून सोपी वेळ येणार नव्हती. बँड लांब गेला होता, आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि ते माझ्याकडे बघत थांबले होते.

मी म्हणाले, "त्यांना दम लागायचा, काका." आणि त्यांच्या ताटात आणखी एक तळलेला फुगा वाढला.